कड्यावरची चक्कर

गिधाडाचं पिल्लू! त्याचा एक स्पष्ट फोटो मिळवायचा, एवढ्यासाठी आम्ही तिघं भर एप्रिलात नागपूरहून गडचिरोलीच्या जंगलात शिरलो होतो. फोटो मिळाला असता तर कड्याला लागून येऊ घातलेली दगडखाण अडवायला पुरावा झाला असता. दोरावरून उतरणार होता माझा धाकटा भाऊ प्रशिक. सोबत भिवापूरचे रुपरावकाका, पक्ष्यांपायी मिरचीचं शेतही विसरणारे. आणि मी माया, धंतोलीच्या एका दवाखान्यात मेंदूविकाराच्या वॉर्डातली नर्स.

वाटेत प्रशिक दोनदा धडपडला. तेही सपाट जमिनीवर! रात्री स्वप्नांनी दचकून उठायचा, ते वेगळंच.

"ऊन लागलं गा तुले!" काकांनी निदान केलं आणि त्याच्या खिशात कांदा कोंबला. एप्रिलात आम्हा वैदर्भीयांना दुसरा आजारच सुचत नाही! मीही माझं नर्सपण बासनात गुंडाळून त्याला पन्हं पाजलं.

कडा आला. बापरे, काय ती उंची! खाली झाडं मुठीएवढी दिसत होती, आणि मधल्या कपारीतून एक पांढरट मान डोकावत होती. पिल्लूच! काकांचे डोळे भरून आले. प्रशिक सरसर उतरू लागला. कपार हातभर उरली आणि तो थांबला.

"ताई, कडा फिरून राहिला वं! हा दोर नाही, साप आहे!"

त्याचा हात कमरेच्या कडीकडे गेला. तो दोर सोडवत होता!

"प्रशिक, हात काढ!" मी किंचाळले. "काका, ओढा!"

ओढलं. तळहात सोलले. दोर घसरला. पुन्हा धरला, पुन्हा ओढला! अखेर त्याची कॉलर हाती आली आणि तिघंही खडकावर कोसळलो.

दम खाऊन त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "आज गोळीचा दिवस आहे. आफ्रिकेहून आलेल्या दोस्तानं देल्ल्या. हप्त्यातून एक घेतली की मलेरिया होत नाही."

मी नाव वाचलं. मेफ्लोक्विन! वॉर्डात या औषधाबद्दल ऐकलं होतं.

"चक्कर कधीपासून येते?"

"दुसऱ्या गोळीपासून. कानात शिट्टीबी वाजते. सांगितलं असतं तर तू मले येऊच देल्लं नसतं."

"काहून गा सोताच्याच जिवावर उठला? हे औषध मेंदूत शिरते. काही जणांच्या चेतापेशींतल्या कॅल्शियमचा तोल बिघडवते, पेशी मरूही शकतात. मग चक्कर कायमची! आता एकही गोळी नाही!" मी पट्टी काढून घेतली.

खालून पिल्लू ओरडलं. काकांनी दोर हातात घेतला. "मी उतरू?" क्षणभर त्यांनी प्रशिककडे पाहिलं. तो बसल्या जागी डुलत होता. "नाही. मंग याले कोण धरंन? चला, पोरगा आधी."

दोघांच्या मध्ये त्याला धरून आम्ही परत निघालो.

"हे जाईन ना वं, ताई?"

"माहीत नाही," मी खरं तेच सांगितलं आणि त्याचा दंड आणखी घट्ट धरला.

पुढे महिन्याभरानं डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या फरशीवरच्या रेघेवरून चालायला लावलं, पावलापुढे पाऊल चिकटवून. तो झुकला. सावरला. पुन्हा झुकला! पण गडी टोकाला पोचला! काकांनी तिथेच टाळ्या पिटल्या आणि मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

"कानात अजून शिट्टी वाजते," प्रशिक हसत म्हणाला, "पण जमीन थांबली वं, ताई!"