एका आवर्तनाआधीची आई

आमचं गाणं दर रविवारी मध्येच म्हातारं व्हायचं. पहिल्या ओळीत टुणटुणीत, तिसऱ्या ओळीत काठी टेकत, आणि पाचवी ओळ येईपर्यंत जागच्या जागी बसलेलं. मग पलीकडून आई म्हणायची, "जाई, तू थांबतेस का गं?" मी भडकून म्हणायचे, "मी कुठे? तूच थांबतेस!" तेवढ्यात आमची दहा मिनिटं संपायची.

माझी आई भूशास्त्रज्ञ आहे आणि सध्या चंद्रावर आहे. तिथल्या तळावर ती जमिनीखालचा बर्फ शोधते. मिरजेत असताना ती रोज संध्याकाळी तबला वाजवायची आणि मी गायचे. माझी वेणी घालताना तिने एक गाणंसुद्धा रचलं होतं, 'लांब लांब वेणी गं, थांब थांब वेणी गं.' आता वेणी आज्जा घालतो. वाकडी घालतो.

चंद्रावर तबला कोण नेऊ देणार? आईने तळहाताएवढी रबरी चकती नेली होती. तिच्यावर बोट मारलं की तबल्याचा बोल निघतो. चकती जोडायला एक ऑडिओ इंटरफेस (खरा आवाज आणि संगणक यांच्यातला दुभाषी) नेला होता. दोन गोल बटणांची, जेवणाच्या डब्याहून लहान पेटी. तिची जुळी पेटी माझ्या छोट्या लॅपटॉपला जोडलेली होती.

येत्या रविवारनंतर आईची तुकडी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होती. तिथून पृथ्वी दिसतच नाही. सात महिने फक्त लिहिलेले निरोप येणार होते, आवाज नाही. मला फार काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, आईबरोबर समेवर यायचं होतं. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारे-वाजवणारे फिरून फिरून जिथे भेटतात ती जागा. आई गेल्यापासून आम्ही तिथे एकदाही भेटलो नव्हतो. आठवण आली की मला राग यायचा. कुणावर तरी काढायला हवा म्हणून मी तो पेटीवर काढत होते.

"अगं अगं! तिला का बडवतेस?" आज्जा धावत आला. आज्जा म्हणजे आईचे वडील. त्याने आयुष्यभर रेकॉर्डिंग स्टुडिओतली यंत्रं सांभाळली.

"डबडं आहे हे! आवाज उशिरा पाठवतं. आपण मोठं यंत्र आणू या."

"डबडं? बस इथे. एकदा 'सा' लाव."

मी माइकसमोर 'सा' लावला. पडद्यावर नागमोडी रेघ उमटली.

"तुझ्या आवाजाने हवा थरथरली. माइकने त्या थरथरीची वीज केली. आता ही पेटी काय करते? एका सेकंदात अठ्ठेचाळीस हजार वेळा ती वीज मोजते. प्रत्येक मोजणी म्हणजे एक आकडा. त्यांना म्हणायचं नमुने (आवाजाची क्षणाक्षणाची मापं). लॅपटॉपला गाणं कळत नाही, आकडे कळतात. तेच आकडे रेडिओलहरींवरून आईकडे जातात आणि तिची पेटी त्यांची परत वीज करते, विजेचा आवाज करते."

"मग एवढं मोजायलाच उशीर होत असेल."

"कप्पाळ! नमुने थोडे साठवायला एक बफर (आवाज क्षणभर थांबवून ठेवायची जागा) असतो. आपल्या बफरमध्ये मावतात एकशे अठ्ठावीस नमुने. किती वेळ झाला सांग."

मी भागाकार केला. एका सेकंदाच्या हजार भागांतले जेमतेम तीन भाग!

"आणि चंद्र लांब आहे पावणेचार लाख किलोमीटरच्या वर. रेडिओलहर धावते प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला तीन लाख."

म्हणजे जायला सव्वा सेकंदाहून थोडं जास्त. यायला तेवढंच. पेटी बिचारी निर्दोष होती. मी तिला हळूच पुसून ठेवली.

"पण आज्जा, उशीर दर वेळी सारखाच असेल, तर गाणं आणखी आणखी हळू का होतं?"

आज्जा हसला. "हा खरा प्रश्न. चल, करून बघू."

त्याने लॅपटॉपमध्ये मुद्दाम तेवढाच उशीर घातला आणि स्वतः आतल्या खोलीत तबला घेऊन बसला. कानाला लावलेल्या हेडफोनमधूनच एकमेकांना ऐकायचं, असं ठरलं. मी गाऊ लागले. आज्जाचा ठेका मागे पडला, म्हणून मी जरा थांबले. तो आणखी मागे पडला. मी आणखी थांबले. पाचव्या ओळीला आमचंही गाणं बसलं!

"तू का थांबलास?" मी ओरडले.

"तुझ्यासाठी! गायक मागे राहिला तर तबलजीने सांभाळून घ्यायचं, ही आमची शिकवण. आणि तू का थांबलीस?"

"ठेका सोडायचा नाही, हे आईनेच शिकवलंय मला."

बोलता बोलता माझं तोंड उघडंच राहिलं. आई माझ्यासाठी थांबत होती आणि मी आईसाठी. दोघी एकमेकींना सांभाळून घेत होतो, म्हणूनच गाणं बुडत होतं. इतके रविवार आम्ही यावरून भांडलो! मला एकदम रडूच आलं.

आज्जाने मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाला, "उशीर कमी करता येणार नाही. प्रकाशाहून वेगाने काही जात नाही. पण वाढवता येईल."

"हात्तिच्या! वाढवून काय करायचं?"

"आपल्या गाण्याचा ताल केरवा. त्याच्या मात्रा किती?"

"आठ."

"मात्रेला अर्धा सेकंद धरला तर एक आवर्तन (तालाची पूर्ण फेरी) चार सेकंदांचं. आईचा आवाज येतो एक पूर्णांक तीन सेकंदांनी. उरलेले दोन पूर्णांक सात सेकंद आपण त्याला बफरमध्ये बसवून ठेवू. मग तिचा ठेका तुला बरोब्बर एक आवर्तन उशिरा ऐकू येईल. पहिली मात्रा पहिल्या मात्रेवर, दुसरी दुसरीवर. तिकडे तुझा आवाजही तसाच. दोघींच्या कानात एकाच घड्याळाचा टिकटिक ठोका ठेवायचा, आणि कुणीही कुणासाठी थांबायचं नाही."

मी म्हटलं, "म्हणजे मला आत्ताची आई ऐकू येणारच नाही. आधीची येणार."

"मी आत्ता तुझ्यापासून एका मीटरवर बसलोय ना? माझा आवाज तुला तीन मिलिसेकंदांनी (हजार मिलिसेकंद म्हणजे एक सेकंद) पोचतो. जवळ बसलेलं माणूससुद्धा जरासं आधीचंच ऐकू येतं, पोरी. आईचं 'जरासं' थोडं मोठं आहे, एवढंच."

त्याच दिवशी आम्ही आईला सगळं लिहून पाठवलं. तिचं उत्तर आलं: 'आता मी तुला अजिबात सांभाळणार नाही. खुशाल पुढे जा.' ते वाचून मी हसलेही आणि रडलेही.

रविवारी दुपारी चारला संपर्क जुळला. पहिली तीन मिनिटं आई नुसतं विचारत राहिली. जेवलीस का, दात दाखव, आज्जा औषध घेतो का. मग कानात टिकटिक सुरू झाली आणि मी गायला लागले.

पहिलं आवर्तन मी एकटीच गायले. दुसऱ्याच्या पहिल्या मात्रेवर माझा 'लांब' आणि तिचा 'धा' एकदम पडले. एकदम! मला थांबावंसं वाटलं, सवयच ती. मी थांबले नाही. तिसरं, चौथं, दहावं आवर्तन. गाणं म्हातारं झालं नाही. दर समेवर आई होती. आज्जा दाराशी उभा राहून उपरण्याने डोळे पुसत होता आणि 'धूळ फार झालीय' म्हणत होता.

मध्येच वाटून गेलं, कुणी मंगळावर गेलं तर? तिथे उशीर मिनिटांचा. तेवढ्या लांब आवर्तनाचा ताल कुणीतरी बांधायला हवा. मीच बांधेन मोठी झाल्यावर.

इतक्यात तिसऱ्या मात्रेवर पडद्यावर अक्षरं आली: संपर्क संपला.

पण ठेका चालूच होता! चौथी मात्रा, पाचवी, सहावी. बफरमध्ये थांबवलेली आई अजून पेटीत होती. मला कळलं, तिकडच्या पेटीतही अजून मी असणार. मी गात राहिले. सातवी मात्रा. आठवी.

मग ठेका संपला. उरली नुसती टिकटिक. पुढचा टोला समेचा होता. आईच्या कानातही याच क्षणी तोच पडणार होता. तिने मला शब्द दिला होता, थांबणार नाही म्हणून.

मी मोठ्याने सम घेतली.