रिकाम्या सीटचा बेल्ट

लोकांची फिरकी घेणं हा माझा जुना उद्योग, त्यामुळे माझ्या शब्दावर जाऊ नका.

माझ्या साडूच्या शब्दावर जा. त्या माणसाला थाप मारताच येत नाही. मारायला गेला की कान लाल होतात.

हे त्याच्याबरोबर घडलंय. काल. घाटात. रात्र नाही, अमावस्या नाही... चांगली सकाळ होती. सासूबाईंच्या हातचा चहा अजून पोटात गरम होता.

सुरुवात मात्र आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये झाली, आणि ती हसण्यावारी झाली.

आमच्या तळमजल्यावर मास्तर राहतात. गाडी चालवायला शिकवतात. थंडी सुरू व्हायच्या आधी ते पार्किंगमधून राउंड मारतात आणि प्रत्येकाच्या गाडीत खोट काढतात. कुणाचे टायर गुळगुळीत, कुणाच्या वायपरचं रबर फाटलेलं. यंदा साडूच्या गाडीपाशी थांबले.

"ब्लोअर लाव बघू."

"बंद पडलाय मास्तर. उन्हाळा गेला, आता कशाला लागतो?"

"अरे शहाण्या, ब्लोअर काय नुसता वारा खायला असतो? थंडीत काच आतून धुरकटते. ती कोण साफ करणार, तुझा काका?"

"फडका आहे की!" साडूने डॅशबोर्डवरचा पिवळा फडका उचलून झेंड्यासारखा हलवला.

सगळे हसले. मास्तर पेटले.

"शनिवारी बायकोला आणायला घाटापलीकडे जातोयस ना? धुक्यात या फडक्यावर ये परत. वाटेत कुठेही न थांबता. आलास तर अख्ख्या पार्किंगच्या गाड्या मी धुतो."

"आणि थांबलो तर मी धुतो! लावा पैज."

आता असा मोका मी सोडतो होय? मी मध्ये घुसलो. "नुसतं धुण्यात काय मजा? बायकोचा गाऊन घालून धुवायचं. रविवारी, सगळ्यांसमोर."

टाळ्या पडल्या. पैज पक्की झाली.

शनिवारी सकाळी साडू सासुरवाडीहून माहेरवाशिणीला, म्हणजे माझ्या मेव्हणीला, घेऊन निघाला. लेक ठमी, वय वर्षं चार, मागे तिच्या छोट्या सीटवर पट्ट्यात बांधलेली. तिला सर्दी, म्हणून आई तिच्या शेजारी. सामान डिकीत.

पुढची डावी सीट रिकामी.

हे लक्षात ठेवा. पूर्ण रिकामी. पाण्याची बाटलीसुद्धा नव्हती.

घाट लागला आणि धुकं आलं. आधी झाडं गेली. मग कठडा गेला. मग रस्ताच गेला. उरली फक्त कडेची पांढरी पट्टी.

आणि काच आतून धुरकटली.

साडूने फडका मारला. साफ. दोन वळणं गेली, पुन्हा धुरकट. पुन्हा फडका.

"अहो, ब्लोअर लावा ना," मागून मेव्हणी म्हणाली.

"हं."

"हं काय? लावा."

"...बंद आहे."

"म्हणजे पोरीला घ्यायला तुम्ही आंधळी गाडी घेऊन आलात?"

साडूने आपली खिडकी खाली केली. गार वारा आत आला की काच निवळते, एवढं त्यालाही माहीत होतं.

वारा आला. ठमी झोपेतच खोकली.

काच मात्र निवळली नाही. उलट... जास्तच धुरकटली.

तीन माणसांच्या श्वासानं एवढी वाफ धरत नाही. त्याला तेव्हाच कसंतरी झालं.

थांबावं, तर थांबायचं कुठे? एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. मागे ट्रकचा हॉर्न. मास्तर शिकवताना कायम ओरडतात, धुक्यात रस्त्यात उभा राहिलास तर मागचा येऊन बसेल तुझ्या मांडीवर. आणि मागच्या सीटवर ठमी.

तो चालवत राहिला.

तेवढ्यात...

टुण. टुण. टुण.

डॅशबोर्डवर लाल दिवा. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की त्याची गाडी असं ओरडते.

"काय वाजतंय? ती उठेल," मेव्हणी कुजबुजली.

"काही नाही. बिघडलं असेल."

त्याने डावा हात लांब करून सीट चाचपली. काही नव्हतं. फक्त गार. गाडीपेक्षा गार.

टुण. टुण. टुण.

मग त्याने आपण सगळे करतो तेच केलं. रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि खट्ट करून अडकवला.

आवाज थांबला.

त्याने सुटकेचा श्वास सोडला. सहज डावीकडे बघितलं...

बेल्ट सीटला चिकटलेला नव्हता.

पुढे आलेला होता. फुगलेला. मध्ये कुणीतरी बसल्यासारखा.

साडूने मान सरळ केली. पुन्हा तिकडे बघायचं नाही असं ठरवलं. आता समोरची काच पूर्ण पांढरी. फडका मारला तर पाण्याचे ओघळ, पलीकडचं काही दिसेना.

आणि मग...

चर्र... चर्र...

ओल्या काचेवर तळहात फिरला की येतो, तसला आवाज.

"तू पुसतेयस का?"

"मी मागे आहे," मेव्हणी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "दोन्ही हात ठमीवर आहेत माझे."

काचेच्या डाव्या बाजूला एक गोल साफ झाला होता. हात दिसत नव्हता. गोल मोठा होत होता.

फक्त डाव्या बाजूला. त्याच्या समोरची काच तशीच पांढरी.

काय करेल बिचारा? वाकला. स्टिअरिंग धरून डावीकडे झुकला आणि त्या गोलातून बघायला लागला. दिसली! पांढरी पट्टी दिसली. तिच्या आधाराने गाडी वळवली. खांद्याला गारवा लागत होता. काहीतरी अगदी जवळ होतं. तरी वाकून राहिला. न वाकून सांगतो कुणाला?

मग गोल हळूहळू धुरकटला. मधूनच. काचेला तोंड लावून कुणी श्वास सोडावा तसा.

चर्र. पुन्हा साफ.

पुन्हा श्वास. पुन्हा चर्र.

ते काहीतरी शोधत होतं. बाहेर. त्याला बघायचं असेल तेव्हा पुसायचं, आणि तेवढंच साडूला दिसायचं. त्याने नाही पुसलं, तर गाडीतली तीनही माणसं आंधळी.

एका उतारावर श्वास पडला...

आणि चर्र आलंच नाही.

सगळं पांढरं. पुढे वळण होतं, डावं की उजवं ते माहीत नाही. साडूने फडका मारला, हात मारला, बाही मारली. काही नाही. ब्रेक दाबावा, तर मागे ट्रक.

"पुसा ना," त्याच्या तोंडून निघालं. "पुसा ना हो... लहान मूल आहे गाडीत."

मागून मेव्हणीने विचारलं नाही, कुणाशी बोलताय म्हणून.

ती फक्त म्हणाली, "त्यांना म्हणावं, पाया पडते."

चर्र.

समोर कठडा! बोनेटला टेकायचा तेवढा राहिला होता. साडूने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, कडेला खडीचा तुकडा मिळाला, तिथे गाडी घातली आणि थांबला. चारी इंडिकेटर लावले. ट्रक हॉर्न मारत गेला. गाडी हलली.

पैज गेली. त्याच्या डोक्यातही नव्हती.

खट्ट.

शेजारचं बक्कल आपोआप सुटलं.

टुण. टुण. टुण.

दोघंही हलले नाहीत. दार उघडलं नाही. टुण टुण चालू राहिलं... आणि थांबलं.

"गेलं?" मेव्हणीने विचारलं.

साडूने बघितलं.

सुटलेला बेल्ट मागे गुंडाळला गेला नव्हता. हवेत होता. कुणी हातात धरल्यासारखा. थोडा सैल झाला. नीट झाला.

खट्ट.

ते उतरलं नव्हतं. सावरून बसलं होतं.

फोनला रेंज नाही, पोर खोकतेय, पायी जायचं तर कुठे? साडूने गाडी सुरू केली. घाट उतरला. खाली ऊन होतं. स्वच्छ ऊन. ठमी उठली आणि बिस्किट मागायला लागली. घरापर्यंत तो बेल्ट तसाच होता. फुगलेला.

आज रविवार. गच्च्या भरलेल्या, पार्किंग भरलेलं. साडू मोठ्या मोठ्या फुलांचा गाऊन घालून बादली घेऊन खाली आला. नुसत्या शिट्ट्या!

"थांबलो होतो. हरलो," एवढंच म्हणाला. कान लाल नव्हते. पांढरे होते.

मास्तर खुशीत. "जाऊ दे, तू धू. तुझा ब्लोअर मी नीट करून आणतो. टाक किल्ली."

"मास्तर, नको."

"का रे?"

सांगणार काय? गाऊन घातलेल्या माणसाचं कोण ऐकतं? मास्तरांनी त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि गाडीत बसले.

"हा बेल्ट कशाला लावून ठेवलायस? कुणाला फिरवतोस?" आतून ओरडले. सगळे हसले. मीही.

मास्तरांनी बक्कलचं लाल बटण दाबलं. सुटलं नाही. पुन्हा दाबलं. मग पट्टा ओढायला त्यांनी हात घातला, पट्टा आणि सीटच्या मधे...

आणि हात तिथेच राहिला.

काचेतून मला त्यांचं तोंड दिसत होतं. हसू गेलं नव्हतं, नुसतं राहून गेलं होतं.

त्यांनी हात काढून घेतला. अगदी हळू. उतरले. बाळ झोपलेल्या खोलीचं लावावं तसं दार लावलं. बाह्या वर केल्या, साडूच्या बादलीतला दुसरा फडका पिळला आणि त्याच्या शेजारी उभे राहून पहिली गाडी पुसायला लागले.

"ओ मास्तर, जिंकलात ना तुम्ही?" गच्चीवरून कुणीतरी ओरडलं.

मास्तरांनी वर बघितलं नाही. खालच्या आवाजात साडूला विचारलं, "ठमीला शाळेत कशानं सोडतोस?"

"हिच्यातनंच."

"उद्या?"

"उद्याच."

मास्तरांनी फडका पुन्हा पिळला. लोक टाळ्या वाजवत होते. गाऊनवाला आणि मास्तर, दोघांनी गेटपर्यंतच्या सगळ्या गाड्या धुतल्या, चाकांच्या आतली माती काढली, आरसे पुसले.

एक सोडून.