पंचशीलाचं नाव

ही हकीकत खरी आहे. माझा मावसभाऊ नागसेन याच्यासोबत घडलेली. सांगताना त्याची नजर एकदाही जमिनीवरून वर आली नाही.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. रविवार. इंदूरच्या विजय नगरातलं चौथ्या मजल्यावरचं ऑफिस. रात्र वगैरे नव्हती... भर दुपारचे तीन वाजले होते.

नागसेनच्या कंपनीत जुने व्हिडिओ गेम नव्या मशीनवर चालतील असे करून देतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आपण टीव्हीला जोडून खेळायचो ना, तेच. पोर्टिंग म्हणतात त्याला.

एका गेमचा आवाज नव्या मशीनवर पार फाटायचा. आठ महिने खपून तो बसवला पंचशीलानं. महूची मुलगी, नागसेनच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. पावलं, दार, वारा... एकेक आवाज तिनं हुबेहूब जुळवला.

काम संपायला आठवडा उरला होता, आणि चार दिवसांच्या तापात ती गेली.

गेमच्या शेवटी काम करणाऱ्यांची यादी सरकत जाते. ‘आवाज’ या शब्दापुढे तिचं नाव होतं.

नागसेननं ते खोडलं.

तिथं स्वतःचं घातलं.

कोणी सांगितलं नव्हतं. टीम लीडची जागा निघणार होती, एवढंच.

त्या रविवारी तो ऑफिसात एकटाच होता. दाराशी तिचे वडील येऊन उभे राहिले. शंकरराव, फौजेतून रिटायर झालेले.

“जय भीम, बेटा. गेमच्या शेवटी पंचशीलाचं नाव येतं म्हणे. एक बार दिखा दे ना.”

नागसेननं माऊसवरचा हात काढला. “काका, अभी काम सुरू आहे... नंतर या ना.”

“महूहून आलोय रे. थांबतो मी.”

इलाज नव्हता. काका उजवीकडे स्टुलावर बसले. डावीकडची पंचशीलाची खुर्ची रिकामी होती. नागसेननं यादी सुरू केली. अक्षरं बारीक आहेत, काकांना वाचता येणार नाहीत, अशी त्याला आशा होती.

असली आशा केली त्यानं. एका बापाच्या शेजारी बसून.

नावं सरकू लागली. संगीत वाजत होतं.

आणि एकदम... थांबलं.

नुसतं संगीतच नाही. एसीची घरघर, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न... सगळंच गेलं.

डावीकडच्या खुर्चीचं चाक कुरकुरलं.

नागसेननं मान वळवली नाही.

यादी ‘आवाज’ या शब्दावर येऊन अडकली. पुढे त्याचंच नाव. कशालाही कोणी हात लावला नव्हता.

टक्... टक्...

काचेवर नख वाजावं तसं.

काका पुढे झुकले. बराच वेळ बघत राहिले. आता ओरडतील, आता एक ठेवून देतील... नागसेन वाट बघत होता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

काकांनी फक्त डोळे पुसले. स्क्रीनला हात जोडले. आणि निघून गेले.

सोमवारी नागसेन त्याच्या बॉससमोर, अर्पितसमोर उभा राहिला. “भिया, ते काम पंचशीलाचं आहे. मी चोरी केली.” लीडची जागा गेली. तिचं नाव यादीत परत आलं.

पुढच्या रविवारी तो महूला गेला.

“काका, माफ करा. त्या दिवशी यादीत तिचं नाव नव्हतं. मीच काढलं होतं.”

काका हसले. “असं कसं म्हणतोस? मी वाचलं ना.”

“नाही काका...”

“अरे, तिनंच तर बोट ठेवून दाखवलं. तुझ्या बाजूलाच बसली होती.”



काकांनी आवाज खाली आणला. “मी हाक मारणार होतो तिला. पण माझ्याकडे बघतच नव्हती ती... पूरा टाइम तुझ्याकडेच बघत होती.”

कशी बघत होती, हे विचारायची हिंमत नागसेनला अजून झालेली नाही.

खरं सांगू? नागसेनबरोबर मीही कधीकधी महूला जातो, पण काकांसमोर तो विषय काढत नाही.