निम्म्या वेगावर

सन छप्पनच्या उन्हाळ्यात अंबाझरी तलावावरच्या आमच्या खात्याच्या बोटीला मागं लावायचं नवं इंजिन आलं, अन् साहेबांनी ते माझ्या ताब्यात दिलं. नवं इंजिन पहिले दहा तास निम्म्या वेगानंच चालवायचं, पेट्रोलात ऑइल जास्त घालायचं. घाई केली की पिस्टनच्या रिंगा गेल्याच. एवढं कळायला कॉलेज लागत नाही, पण साहेबांना रोज सांगावं लागायचं.

तिसरा तास चालू होता. सकाळचे नऊ. पुढं म्हातारा नावाडी जागेश्वर, मागं मी. माझ्या पाठीशी फक्त इंजिन आणि पाणी. तेवढ्यात कानाशी कुणी म्हणालं, "हळू चालवा जी. मले भेव लागते."

प्रेमिला! माझी बायको. सायकलवर मागं बसली की दोन्ही मुठींत माझा सदरा धरून हेच म्हणायची. मी मुद्दाम जोरात हाणायचो. दिवाळीत ती तापानं गेली. दवाखान्यात नेताना सायकल जीव तोडून हाणली, तरी पोचलो नाही.

"जागेश्वरभाऊ, काही ऐकलं का गा?"

"इंजिनच ऐकून राहिलो, मिस्त्री. दुसरं काय ऐकू?"

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. इंजिन उघडून पाहिलं, सगळं ठीक. पण रोज निम्म्या वेगावर तोच आवाज. दहावा तास संपला, आता वेग वाढवावा लागणार होता. मग मी लबाडी केली. चांगल्या रिंगा काढून नव्या घातल्या. पुन्हा दहा तास. पुन्हा ती. असं तीनदा केलं.

साहेब भडकले. "शालिकराम, पावसाळा तोंडावर आला. उद्या फुल स्पीड, नाहीतर दुसरा मिस्त्री."

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो. "प्रेमिला, माफ कर," मोठ्यानं म्हटलं आणि वेग पूर्ण वाढवला.

इंजिन केकाटलं. तिचा आवाज बुडाला.

तलावाच्या मधोमध बोटीला मागून एक हिसका बसला.

काठावर जागेश्वर दोर घेता घेता थांबला. "सदऱ्याले काय झालं गा? सकाळी तर कडक इस्त्री होती."

काढून पाहिला. पाठीवर दोन्ही बाजूंना मुठीएवढ्या चुण्या. डावीकडची शिवण उसवलेली.

आता निम्म्या वेगावर कुणीच बोलत नाही. मी मात्र रोज मधोमध जाऊन इंजिन बंद करतो अन् थोडा वेळ थांबतो. हात तिथंच सुटला तिचा.