सेहेचाळीसचं पाणी

सिन्नरच्या बाजारात पंप घ्यायला आलेला माणूस आता आधी अश्वशक्ती विचारत नसे. तो विचारायचा, "कुठल्या सालापर्यंतचं पाणी ओढतो?"

सारिकाआजी दिघोळेंनी मात्र जुन्या सवयीने अश्वशक्तीच विचारली. दुकानदार खूष झाला.

"आजी, हा तीनचा मोनोब्लॉक पंप न्या. एका दमात अख्खं लॉन भिजेल. फवारा असा उडेल की पाव्हण्यांच्या अंगावर जाईल."

"माझ्याकडे पाव्हणे जेवायला येतात बाबा, आंघोळीला नाही."

शिर्डी रस्त्यावरचं 'दिघोळे लॉन्स' हे लग्नाचं ठिकाण आजींनी आणि त्यांच्या यजमानांनी, योगेशरावांनी, मिळून उभं केलं होतं. गवताची एकेक चकती दोघांनी उकिडवं बसून लावली होती. योगेशराव जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण ते हिरवं मैदान आजींनी सुकू दिलं नव्हतं. यंदा जुना पंप जळाला, आणि नव्या कायद्याप्रमाणे नवा पंप घ्यायचा तर सोबत जाणतं माणूस हवं, म्हणून त्यांनी भाचीला बोलावून घेतलं. ओवी नाशिकला भूजल संशोधनात होती.

"मावशी, तीनचा नको," ओवी म्हणाली. "एकचा घे."

"एवढ्या मोठ्या लॉनला एकचा? अगं, पिचकारी आहे का ती!"

"लॉनचे चार भाग करू आणि आळीपाळीने भिजवू. ताकाच्या भांड्यात रवी जोरात फिरवलीस की तळाचं वर येतं ना? विहिरीतही तसंच होतं. वर असतं कोवळं पाणी, खाली जुनं. जोराने ओढलंस तर जुनं पाणी वर चढेल, आणि मीटर तुझा पंप बंद पाडेल."

ते मीटर, म्हणजे सालदर्शक, प्रत्येक पंपाच्या मानेवर बसवलेलं होतं. भुईमुगाच्या टरफलाएवढं यंत्र. नळीतून जाणाऱ्या पाण्याचं वय ते सांगायचं.

पाण्याला वय असतं ही गोष्ट काही नवी नव्हती. पावसाचा थेंब खाली येताना त्या वर्षीच्या हवेतले वायू थोडे थोडे पोटात घेऊन येतो. कारखाने बदलतात, गाड्या बदलतात, घराघरांतल्या शीतयंत्रांत भरायचे वायू बदलतात, त्यामुळे कुठल्याही दोन वर्षांची हवा अगदी सारखी नसते. थेंब जमिनीत मुरला की ती हवा त्याच्यासोबत बंद होते. लोणच्याच्या बरणीवर आपण साल लिहून ठेवावं, तसं. पूर्वी हे साल वाचायला मोठी प्रयोगशाळा लागे. आता ते टरफलाएवढ्या यंत्राला जमत होतं, आणि ते जमू लागल्यावर सरकारने कायदा केला होता: बागेला, लॉनला, गाड्या धुवायला फक्त पाच वर्षांच्या आतलं कोवळं पाणी. त्याहून जुनं पाणी पिण्यासाठी राखीव.

एकचा पंप आला. तो विहिरीच्या काठावर न ठेवता आत, पाण्याजवळच्या कट्ट्यावर बसवायचं ठरलं. पंप पाणी वर लांबवर ढकलू शकतो, पण खालून फार उंच ओढून घेऊ शकत नाही, हे ओवीने समजावलं. नळीला वळणं कमी ठेवली, कारण दर वळणाला जोर थोडा थोडा हरवतो. नळीच्या तळाला पाणी मागे न सोडणारा फूटव्हॉल्व्ह लावला, पंपात पाणी भरून हवा काढली आणि बटण दाबलं. पंप नुसता घुरघुरला.

"हवा धरतोय," आजी वरूनच म्हणाल्या. "सांधा बघ. आमचे हे सुतळी गुंडाळून वर सफेदा लावायचे."

"मावशी, आता टेप असतो."

"मग टेप लाव. पण लाव."

ओवीने लावला. पाणी आलं. लॉनच्या पहिल्या भागात फवारे उभे राहिले आणि मीटरवर आकडा उमटला: २०६८. गेल्याच वर्षीचा पाऊस.

पंपासोबत एक बारीक लांब नमुनानळी यायची. जुनं पाणी वर सरकत नाही ना, हे प्रत्येक हंगामाला मालकाने तपासायचं असे. ओवीने ती नळी विहिरीच्या तळातल्या बोअरमध्ये सोडली आणि आजींच्या हातात तिचं वेगळं मीटर दिलं.

नळी खाली जात राहिली, आकडे मागे जात राहिले. २०६३. २०५९. आजी प्रत्येक आकड्याला काहीतरी आठवत होत्या. त्या साली दारातला आंबा पहिल्यांदा मोहरला. त्या साली रस्ता रुंद झाला. २०५२ आलं आणि त्या थांबल्या.

"त्या वर्षी ह्यांनी वरच्या उतारावर चर खणले होते. सगळे हसायचे. लग्नाच्या हॉलवाल्याला कशाला हवेत चर, म्हणायचे."

"मग हे काकांनीच जिरवलेलं पाणी आहे."

आजींनी नळीच्या तोंडाशी ओंजळ धरली. चमचाभर पाणी आलं असेल. त्यांनी ते डोळ्यांना लावलं. माणूस निघून गेला होता, पण त्याने अडवलेला पाऊस अजून घराखाली राहत होता. ज्याने आपल्यासाठी एवढं ठेवलं त्याला आपण कधी 'बरं केलंत' असंसुद्धा म्हटलं नाही, हे त्यांच्या मनात आलं, आणि त्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, "बरं केलंत हो."

नळी आणखी खाली गेली. २०४७ आणि मग एकदम २०४५.

"मधलं सेहेचाळीस कुठे गेलं गं?"

"त्या वर्षी जमिनीत उतरण्याएवढा पाऊसच झाला नाही. आम्ही त्याला कोरडं साल म्हणतो."

"अगंबाई. आमच्या मुक्ताचं साल."

मुक्ता आजींची नात. आईवडील अपघातात गेल्यापासून आजींनीच वाढवलेली, आणि आता गुरांची डॉक्टर.

"मुक्ता आणि कोरडी?" ओवी हसली. "ती बोलायला लागली की पूर येतो."

दोघी खूप हसल्या.

त्या हंगामातलं पहिलं लग्न निफाडच्या एका मुलीचं होतं. सकाळी हळदीच्या नहाणाआधी आजींना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी नमुनानळी मुलीच्या जन्मसालापर्यंत सोडली, एक तांब्या पाणी काढलं आणि मुलीच्या आईच्या हातात दिलं.

"तुमची लेक झाली त्या पावसातलं आहे. हळद उतरवताना शेवटी हे घाला."

मुलीच्या आईने तांब्यात बोटं बुडवली आणि तशीच उभी राहिली. "ही झाली तेव्हा दवाखान्याच्या पत्र्यावर हाच पाऊस वाजत होता," ती म्हणाली आणि रडू लागली. मांडवातल्या सगळ्याच बायकांचे डोळे भरून आले.

एवढंच झालं होतं. पण पुढच्या लग्नात मुलीकडच्यांनी आपणहून मागितलं. त्यानंतर मुलाकडच्यांनी. वर्षभरात त्याला 'सालपाणी' हे नाव पडलं. निमंत्रणात सालपाण्याची वेळ छापली जाऊ लागली, आणि हा विधी फार जुना असल्याचं गुरुजी सांगू लागले.

"मावशी, निफाडचा पाऊस निफाडला पडला," ओवी फोनवर म्हणायची. "तुझ्या विहिरीत तो कसा येईल?"

"राहू दे गं. आपण कुणाच्या पावसावर वाढलो हे क्षणभर आठवलं, तर काय बिघडतं?"

तेव्हा खरंच काही बिघडलेलं नव्हतं. लॉन कधी नव्हतं इतकं हिरवं होतं. लोक आजींच्या पाया पडून जात. आजींना वाटायचं, या वयात देवाने आपल्या हातून एक चांगली गोष्ट करवून घेतली.

दुसरा शब्द हळूहळू आला. तो पहिल्यांदा कोण बोललं हे कुणालाच सांगता आलं नसतं. कुणाच्या तरी मुलीचं साल मीटरवर सापडलं नाही, आणि कुणीतरी म्हणालं, "कोरड्या सालाची आहे." मग तो शब्द मुलींनाच चिकटला. त्याच साली जन्मलेल्या मुलग्यांना तो कधी कुणी लावला नाही.

२०७२ साली येवल्याच्या शुभदाताई मुलाला घेऊन दिघोळे लॉन्सवर आल्या. कौस्तुभ आणि मुक्ता एकमेकांना वर्षभर ओळखत होते. मुक्ताने इतक्या आनंदाने आजींना कधीच काही सांगितलं नव्हतं. बोलणं ठरल्यातच होतं, फक्त चहा व्हायचा होता.

"आमचं काहीच म्हणणं नाही हो," शुभदाताई म्हणाल्या. "सालपाणी तेवढं तुमच्या विहिरीचं. जिथे सुरू झालं तिथलंच. मुक्ता, तुझं साल कुठलं गं?"

"सेहेचाळीस."

शुभदाताईंनी कप बशीत ठेवला. "म्हणजे तुमच्याच दारात तुमच्याच नातीचं पाणी नाही?"

"आई," कौस्तुभ म्हणाला.

"मी नाही मानत रे. पण तुझी आजी आहे, आत्या आहेत. उद्या घरात काही झालं तर सगळे हिच्याकडेच बघतील. मग ते हिला सोसेल का?"

कौस्तुभने मान खाली घातली. मुक्ताने ते पाहिलं, आणि आजींनी मुक्ताला पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ओवी आली ती तणतणतच. "त्यांना सांग, शास्त्रज्ञाने सांगितलंय, याला काही अर्थ नाही."

"तू तीन वर्षं सांगतेयस. कुणी ऐकलं? त्यांचा विश्वास तुझ्या मीटरवर आहे, ओवी. तुझ्यावर नाही."

"मीटर! त्याला काय अक्कल आहे? त्याला नुसती सरासरी कळते. दोन सालांचं पाणी एकत्र झालं तर ते मधलाच..."

ओवी बोलायची थांबली. आजी तिच्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे निम्मं पंचेचाळीसचं आणि निम्मं सत्तेचाळीसचं घेतलं तर?"

"मावशी, मी काही बोलले नाही."

"मी काही ऐकलं नाही."

मुक्ता दाराशी उभी होती. "मी ऐकलं," ती म्हणाली. "आजी, खोटं पाणी घालून लग्न करू का मी?"

"खोटं कसं? दोन्ही आपल्याच आभाळातलं आहे. आणि खरं सांगून बघायचं असेल तर सांग. मी तुझ्याबरोबर येवल्याला येते, मांडवात उभी राहून बोलते. पण ते ऐकतील असं तुला वाटतं का?"

मुक्ताने लॉनकडे मान वळवली. "कौस्तुभने बोलायला हवं होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण मला तोच हवाय."

लग्नाच्या सकाळी सगळ्यांच्या देखत तांब्यात मीटर बुडवलं गेलं. आकडा उमटला: २०४६. मांडवात टाळ्या वाजल्या. शुभदाताईंनी पुढे येऊन आजींचे दोन्ही हात धरले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला होता, की आजींना त्यांचा रागसुद्धा धरता येईना. हळद उतरली, अक्षता पडल्या, पोरंबाळं चपला काढून गवतावर धावली. मुक्ता हसत होती. आजींनी मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले: विहिरीचे, योगेशरावांचे, ओवीचे, आणि बिनडोक मीटरचेही.

गाव तिथे बातमी. तालुक्यात कुठेच न सापडलेलं सेहेचाळीस दिघोळेंच्या विहिरीत सापडलं! आठवड्याभरात फाटकाशी माणसं येऊ लागली. सेहेचाळीसच्या मुली, त्यांचे आईवडील. आजींनी कुणाला परत पाठवलं नाही. खरं सांगावं तर मुक्ताचा संसार मोडणार, आणि या मुलींनाही रिकाम्या हाताने जावं लागणार. त्या दोन तांबे काढायच्या, एक करायच्या आणि द्यायच्या. मुली पाया पडायच्या. एकीच्या बापाने तर गेटाबाहेर लोटांगण घातलं. एवढी कृतज्ञता आजींच्या वाट्याला आयुष्यात कधी आली नव्हती.

मग एके दुपारी एक मुलगी आली. पंचविशीची असेल. सोबत कुणी नव्हतं.

"तुझंही सेहेचाळीसच का गं?" आजींनी तांब्या उचलत विचारलं.

"नाही आजी. माझं झालंय लग्न. माझं साल भरलेलं होतं." ती ओशाळून हसली. "हिच्यासाठी विचारायला आले." आणि तिने पोटावर हात ठेवला.

आजींनी तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं.

"यंदा पाऊस नाही झाला हो," मुलगी म्हणाली. "साल लागेल का मीटरवर?"

"ते आत्ताच कसं कळेल, बाळा? पाणी जमिनीत उतरायला वर्ष जातं. तू कशाला आतापासून काळजी करतेस?"

"मी नाही करत. सासरचे करतात." तिने पेला दोन्ही हातांत फिरवला. "मुलगी आहे म्हणे. कुठूनसं कळलंय त्यांना. ते म्हणाले, दिघोळे आजींना विचारून ये, त्या सांगतील तसं करू." मग खालच्या आवाजात म्हणाली, "अजून वेळ आहे म्हणून."

दुपार अगदी शांत होती. लॉनच्या एका भागावर फवारा फिरत होता.

"लागेल," सारिकाआजी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "घरी जाऊन सांग. मी सांगितलंय म्हणावं. यंदाचं साल नक्की लागेल."

मुलीचे डोळे भरून आले. तिने वाकून नमस्कार केला. "लय उपकार झाले, आजी," ती म्हणाली, आणि डोळे पुसत फाटकाकडे निघाली.

आजींनी ती जाताना पाहिली. फाटकाबाहेर आणखी दोघी उभ्या होत्या. त्यांची पोटं अजून दिसतही नव्हती, पण दोघींनीही हात तिथेच धरला होता.