सात वाजताची निधन वार्ता

ही गोष्ट घडलेली आहे. ज्याला खोटी वाटेल त्यानं रहिमतपुरात येऊन अंबूबाईला विचारावं. ती अजून आहे, आणि जिथं हे घडलं त्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहते.

साल २०१७. माझा चुलतभाऊ सयाजी, त्याच्या लेकीला, राजेश्वरीला, पहिली मुलगी झाली ते साल. दसऱ्यानंतर आजोळी बारसं झालं, नाव ठेवलं सृष्टी. घात त्या बारशात झाला. कळला मात्र दिवाळी सरल्यावर.

सयाजी फौजेत होता, सिग्नलमध्ये. १९९६ साली रजेवर आला तेव्हा त्यानं घरावर डिश बसवली आणि आसपासच्या चाळीस घरांत केबल ओढली. नोकरीत असताना स्वतःच्या नावावर धंदा करता येत नाही, म्हणून केबलवाल्यांची पोस्टात होणारी नोंदणी बायकोच्या, लीलाबाईच्या नावावर केली. पुढच्याच वर्षी तो पेन्शनवर आला तरी ती तशीच राहिली. दर वर्षी नूतनीकरणाचा कागद यायचा. सयाजी बोट ठेवायचा, लीलाबाई तिथं सही करायची.

मग त्यानं गावचं चॅनेल काढलं. नाव ‘आरसा’. माडीवरच्या खोलीत एक खुर्ची, एक टेबल, मागं कॅलेंडर, समोर कॅमेरा. गणपतीची मिरवणूक, शाळेचं गॅदरिंग, बाजारभाव. आणि रोज संध्याकाळी सातला निधन वार्ता. कोण वारलं, पश्चात कोण आहे, रक्षाविसर्जन किती वाजता. सयाजी स्वतः वाचायचा. आधी एकदा घसा खाकरायचा, मग सुरू करायचा. खाली तेच शब्द पट्टीवर फिरायचे.

ती पट्टी तो मुद्दाम हळू सोडायचा. लीलाबाईला सहीपुरतीच अक्षरं येत होती. चाळिशीत ती त्या पट्टीवर वाचायला शिकली. गावातल्या मेलेल्यांच्या नावांवरून.

२००३ साली ‘आरसा’ सांगलीच्या एका नेटवर्कला जोडला. लीलाबाईचा धाकटा भाऊ वीरधवल तिथं कामाला होता, त्यानंच जुळवून आणलं. दिवसभर त्यांचे कार्यक्रम, संध्याकाळचा अर्धा तास सयाजीचा. पुढं सांगलीवाले कोल्हापूरच्यांत मिसळले, अर्ध्या तासाची पंधरा मिनिटं झाली. सयाजीनं मिरवणूक सोडली, बाजारभाव सोडले. निधन वार्ता सोडली नाही.

मग डिजिटल बॉक्स आले आणि पुण्याचं मोठं नेटवर्क आलं. त्यांना गावचं चॅनेल नको होतं, नुसती घरं हवी होती. सयाजी नाही म्हणाला. वीरधवल तोवर त्यांच्या बाजूला जाऊन बसला होता. बहिणीच्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

बारशाला तो सगळ्यांच्या आधी आला. भाचीला साडी, बाळाला चांदीचे वाळे. लीलाबाईचे हात पिठानं भरलेले, अंगणात बायका जमलेल्या, पाळणा म्हणायचा खोळंबलेला. त्यानं कागद काढला.

“आक्का, पोस्टाचं हाय. दाजींनीच सांगितलंय.”

त्यानं बोट ठेवलं. तिनं हात पदराला पुसले आणि तिथं सही केली.

भाऊबीजेला तो परत आला. तिनं ओवाळलं. तो पोटभर जेवला.

त्यानंतर आठ दिवसांत पुण्याची माणसं टेम्पो घेऊन दारात उभी राहिली. साहेबानं सयाजीपुढं कागद धरला. धंदा, जोडण्या, यंत्रं, चॅनेल, सगळं मालकिणीनं राजीखुशीनं दिलंय, असा. सयाजीनं दोनदा वाचला. लीलाबाईला हाक मारली.

“ही सही तुझी?”

“व्हय,” ती म्हणाली. तिला वाटलं, पोस्टाचाच कागद.

त्यानं घडी घातली आणि कागद परत दिला.

माडीवरची यंत्रं खाली उतरली तेव्हा तिला कळलं, आपण काय केलं ते. ती धावत गच्चीवर गेली. सयाजी डिशजवळ बसला होता.

“आवं, मला ठावं न्हवतं. पोस्टाचं म्हणून सांगितलं मला.”

सयाजीनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

“तुला वाचता येतं,” तो म्हणाला.

तेवढंच. त्यानंतर तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिच्या हातचा चहा घेतला नाही. राजेश्वरीनं दिला तर घ्यायचा. सख्ख्या भावानं केसानं गळा कापला होता तिचा, पण नवऱ्याच्या लेखी गळा कापणारी तीच.

२२ नोव्हेंबरला सकाळी गच्चीवरच त्याचा जीव गेला. डिशच्या खांबाला टेकून.

गावाला कळलंच नाही. कळवणारं चॅनेल बंद. वीस वर्षं ज्यानं सगळ्यांची वेळ सांगितली, त्याच्या रक्षाविसर्जनाला अकरा माणसं. मी मोजली.

तेरावं झालं. राजेश्वरी बाळाला घेऊन कोरेगावला सासरी गेली.

लीलाबाई एकटी राहिली.

त्या घरात वीस वर्षं माडीवरून यंत्रांची घरघर यायची. पंख्यासारखी, बारीक. यंत्रं गेल्यापासून घर मुकं झालं होतं.

पाच डिसेंबर, मंगळवार. तिन्हीसांजेला तिनं देवापुढं दिवा लावला.

आणि वरून आवाज आला...

घरघर.

ती जिना चढली. खोली रिकामी. भिंतीवर खिळे, तुटक्या वायरी, धूळ. पण पायाखालची फरशी...

ऊन होती. यंत्रं चालू असताना असायची तशी.

दुसऱ्या दिवशी सातला खालचा टीव्ही आपोआप लागला. आधी नुसता निळा पडदा. मग... कॅलेंडर. टेबल. खुर्ची.

खुर्चीत कुणी नव्हतं.

पंधरा मिनिटं तिनं ती खुर्ची बघितली. शेवटी आवाज आला. कागदाची सळसळ... आणि घसा खाकरल्याचा.

तिनं पदर तोंडात धरला. भीती वाटली नाही म्हणाली मला. वाटलं, बोलतील आता.

तिसऱ्या दिवशी तिनं अंबूबाईला बोलावून शेजारी बसवलं. सात वाजले. घरघर. खुर्ची. खाकरणं. आणि खाली पट्टी सुरू झाली. हळू... तिला वाचता येईल इतकी हळू.

निधन वार्ता. रहिमतपूर येथील माजी सैनिक सयाजी यांचे निधन झाले...

लीलाबाई अक्षर अक्षर लावत होती.

त्यांच्या पश्चात... मुलगी... जावई... नात... असा परिवार आहे.

पट्टी संपली. पडदा निळा झाला.

“तुझं नाव न्हाई गं त्यात,” अंबूबाई म्हणाली. मग जीभ चावली.

ही पट्टी रोज यायला लागली. रोज तीच. मुलगी, जावई, नात. बायको नाही. लीलाबाई पडद्यापुढं हात जोडून रोज सगळं सांगायची, बोट कुणी ठेवलं, काय म्हणून ठेवलं. पट्टी बदलायची नाही. तिच्या मनानं घेतलं की आपला शब्द त्यांच्या लेखी खोटाच. ज्यानं केलं त्यानंच सांगायला पाहिजे.

ती मिरजेला भावाकडं गेली. तो आधी हसला, मग वैतागला. दाजी गेल्यापासून आक्काचं डोकं फिरलंय, असं बायकोला ऐकू जाईल असं म्हणाला. पण ती उंबऱ्यातून हलेना. शेवटी तो गाडी काढून तिच्याबरोबर आला. म्हणे, एकदा भूत काढून टाकू.

साडेसहाला पोचले. अंबूबाई आधीच येऊन बसली होती. वीरधवल केबलचा माणूस. त्यानं टीव्हीच्या मागची केबलची वायर ओढून काढली आणि तिचं टोक हातात धरून बसला.

“आता बघू, कुठनं येतंय.”

सात वाजले.

काहीच नाही.

“बघ, आक्का...”

वरून घरघर सुरू झाली.

पडदा उजळला. कॅलेंडर. टेबल. खुर्ची. वायर वीरधवलच्या हातात होती. त्यानं वायरीकडं बघितलं. पडद्याकडं बघितलं.

घसा खाकरल्याचा आवाज आला. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच... टेबलावर एक हात आला. हिरव्या फौजी स्वेटरची बाही, कोपराला ठिगळ. ठिगळ लीलाबाईनंच लावलेलं.

पट्टी आली नाही. हात थांबून राहिला. कुणाचं तरी ऐकायला थांबावं तसा.

“सांग,” लीलाबाई म्हणाली. “खरं काय ते सांग त्यास्नी.”

वीरधवलचे ओठ पांढरे पडले होते. त्यानं वायर खाली टाकली. मग एका दमात बोलला.

“दाजी, माझी चूक न्हाई. आक्कानं वाचून सही केली. कागदाची वळ न वळ वाचली.”

हात मागं सरला.

पडदा निळा झाला. वरची घरघर थांबली.

“खोटं बोलतोय त्यो,” लीलाबाई म्हणाली. “आवं... खोटं बोलतोय.”

ती पडद्याला हात लावून तेच म्हणत राहिली. वीरधवल अनवाणीच बाहेर पडला. गाडी सुरू झाल्याचं अंबूबाईनं ऐकलं.

त्यानंतर त्या घरात काही झालं नाही. घरघर नाही, खुर्ची नाही, पट्टी नाही. माडीवरची फरशी गार पडली ती पडली. लीलाबाई पाच वर्षं रोज सातला टीव्हीसमोर बसायची आणि सगळं पहिल्यापासून सांगायची. मी कैकदा तिथं होतो. मला त्या काळ्या पडद्यात आम्हा दोघांशिवाय कधी कुणी दिसलं नाही.

तिचं रोजचं सांगणं त्यानं ऐकलं नाही, आणि भावाचं एक वाक्य ऐकून तो निघून गेला. असं का, ते मला अजून उमगत नाही. त्या घरावरून जाताना मी आजही सातच्या आत पुढं निघून जातो.

वीरधवल मिरजेला आहे. धडधाकट आहे.

लीलाबाई ९ जानेवारी २०२३ रोजी, सोमवारी, संध्याकाळी रहिमतपूरच्या घरात वारली.