आतल्या पाकिटावरची सही

शनिवारी दुपारी ती ऑफिसात आली, तेव्हा काम अर्ध्या तासाचं आहे असंच तिच्या डोक्यात होतं. सुट्टीमुळे मजला रिकामा होता. तिने आपल्या टेबलापुरता दिवा लावला आणि नवऱ्याला फोन केला, "चहाचं आधण ठेव, आलेच."

अंध मुलांच्या शाळेसाठी त्यांच्या छोट्या कंपनीने ब्राउझरला जोडायचं एक एक्स्टेन्शन बनवलं होतं. पडद्यावरचा मजकूर ते मुलांना वाचून दाखवायचं. त्याच्या डिजिटल सहीची मुदत आज सहाला संपत होती. मग शाळेतल्या साऱ्या कॉम्प्युटरांवर ते मुकं होणार, आणि सोमवारी परीक्षा.

नवी आवृत्ती तयार होती. फाइलींचं पॅकेज, म्हणजे एक पाकीटच, बांधायचं, कॉम्प्युटरला लावायच्या आपल्या किल्लीने सही करायची, ऑनलाइन स्टोअरवर चढवायचं. तिने चढवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं: नामंजूर. सही रद्द झालेल्या किल्लीची आहे.

रद्द झालेली किल्ली एकच होती. तिच्या मागच्या टेबलावर बसणाऱ्या, कंपनीतल्या वयस्कर काकांची. आजवरच्या सगळ्या सह्या त्यांच्या हातच्या. दोन महिन्यांपूर्वी ते वारले, आणि पेन ड्राइव्हसारखी दिसणारी त्यांची किल्ली नियमाप्रमाणे तिनेच हातोडीने ठेचली होती.

तिने पुन्हा पॅकेज बांधलं. पुन्हा नामंजूर. आता मात्र ती इरेला पेटली. असली गाठ सुटेपर्यंत तिला चैन पडत नसे. तिने चपला काढल्या, केस वर बांधले आणि एकेक फाइल तपासायला घेतली. मागे कुठेतरी खुर्चीचं चाक कुरकुरलं. तिने वळून पाहिलं नाही. हवेत पुदिन्याच्या बामाचा वास येत होता. काका दुपारी कपाळाला लावायचे तसा.

पाच वाजून दहा मिनिटांनी शाळेतल्या बाईंचा फोन आला.

"होईल ना हो? मुलं थांबलीत..."

"होईल. सापडत आलंय," ती म्हणाली.

आणि सापडलंच. मोठ्या पाकिटात एक छोटं पाकीट होतं, वाचून दाखवणाऱ्या आवाजाच्या फाइलींचं. त्यावर वेगळी सही लागते, हे ती साफ विसरली होती. बाहेरची सही तिचीच होती, चोख. पण जे छोटं पाकीट तिने सहीशिवाय आत टाकलं होतं, त्यावर काकांची सही होती. तारीख आजची. वेळ चार वाजून वीस.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण त्याच क्षणी सगळं लख्ख उमगलं आणि ती हसली. चूक तिची होती. कुणीतरी ती भरून काढत होतं.

"काका," ती हळूच म्हणाली, "आता मी करते. तुमची सही आता चालत नाही ना..."

खुर्ची गप्प झाली.

आधी आतलं पाकीट, मग बाहेरचं. तिने किल्लीवर बोट टेकवलं. पाच बावन्नला उत्तर आलं: मंजूर. रिकाम्या मजल्यावर ती लहान मुलीसारखी टाळ्या वाजवत नाचली. बामाचा वास विरून गेला होता.

सहा वाजून दहाला बाईंचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता.

"चालू झालं हो. छान वाचतंय. तुमचे उपकार कसे फेडू?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक विचारू? मध्येच ते एका मुलीला नावाने हाक मारतं. ते तुम्ही घातलंय का?"

"नाही... कोणत्या मुलीला?"

"तेच तर. त्या नावाची मुलगी आमच्याकडे नाही. म्हणजे, सोमवारी एक नवी येणार आहे. तिचा अर्ज माझ्या कपाटात आहे, अजून कुणी पाहिलेला नाही."

ती खुर्चीत बसली.

"हाक मारून काय म्हणतं ते?"

बाईंनी बहुधा फोनवर हात धरला. गलका बारीक झाला.

"कुणा म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात येऊ नकोस म्हणतं... एवढंच. येऊ नकोस."